अठरा खाडे

आमच्या लहानपणी गुढीपाडव्याला घरी दोन गोष्टी हमखास होत. आई गुढी उभारी आणि वडील ओसरीत बसून सालदाराचे साल ठरवीत. इतके रुपये, इतकी ज्वारी, एक धोतर, एक सदरा, चपलांचा जोड. सौदा झाला की लाल कापडात बांधलेल्या वहीत नोंद होई आणि पुढच्या पाडव्यापर्यंत तो माणूस ‘आमचा’ होई. हा शब्द तेव्हा मायेचा वाटे. तो मालकीचाही होता, हे कळायला फार वर्षे लागली.

परवा नागपुरातच एका लग्नात गावाकडची मंडळी भेटली. जेवणाच्या पंगतीत नेहमीचा विषय निघाला. ‘मजूर मिळत नाहीत हो, फार भाव खातात.’ मीही सवयीने मान डोलावली. आणि एकाएकी ती वही आठवली.

१९६४ सालचा डिसेंबर. वावरात कापूस फुटून पांढराशुभ्र झाला होता आणि ऐन वेचणीत आमचा सालदार नाहीसा झाला. वडिलांचा संताप अनावर झाला होता. अडीच आठवड्यांनी तो दाढी वाढलेल्या अवस्थेत अंगणात येऊन उभा राहिला.

‘कुठं होतास?’

‘जेलात होतो, मालक.’

‘काय केलंस?’

‘काही नाही केलं, मालक. पडीत जमीन मागत होतो. माह्याबी नावाचा एखादा धुरा असावा, म्हणून गेलतो.’

वडील काही बोलले नाहीत. माझे अक्षर चांगले म्हणून वही लिहिण्याचे काम माझ्याकडे असे. त्या संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात त्याच्या नावापुढे मी अठरा खाडे मांडले.

त्याला तुरुंगापर्यंत नेणारा माणूस होता कर्मवीर दादासाहेब गायकवाड. भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १९०२ साली नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. १९३० साली सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची व्यवस्था त्यांनी सांभाळली. बाबासाहेबांचा त्यांच्यावर अपार विश्वास होता. त्यांना लिहिलेली अनेक पत्रे आज छापील स्वरूपात वाचायला मिळतात. ते लोकसभेत होते, राज्यसभेतही होते. पण अंगावरचे धोतर सुटले नाही आणि पायाखालची वाट खेड्याकडून वळली नाही.

आम्हां नागपूरकरांना १४ ऑक्टोबर १९५६ पाठ असतो. दीक्षाभूमीवरून आपण रोज ये-जा करतो. पुढच्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, याच शहरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली, हेही पुष्कळांना ठाऊक असते. मात्र धर्मांतरानंतर खेड्यातल्या माणसाच्या चुलीचे काय झाले, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. त्याने मेलेली ढोरे ओढायचे नाकारले, गावकीची कामे सोडली. स्वाभिमान आला, पण संध्याकाळची भाकर ज्याच्या वावरातून यायची, तो मालक तोच राहिला. गावाने बहिष्कार घालायचा म्हणजे दुसरे काय करायचे? उद्या कामावर येऊ नकोस, एवढेच सांगायचे. रोजी बंद, उधारी बंद, विहिरीची वाट बंद. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही, त्याचा स्वाभिमान दुसऱ्याच्या धुऱ्यावर उभा असतो.

बाबासाहेबांना हे टोचत होते. १९३८ च्या जानेवारीत खोती पद्धतीविरुद्ध त्यांनी मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा नेला होता. १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याच्या भाषणात खेड्यातल्या भूमिहीन मजुरांसाठी आपण पुरेसे करू शकलो नाही, अशी खंत त्यांनी बोलून दाखवली. दादासाहेबांनी ती खंत आपल्या शिरावर घेतली, असेच म्हणावे लागेल.

१९५९ साली खानदेश-मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. मागणी सरळ होती. सरकारची पडीत जमीन कसणाऱ्याला द्या. त्यानंतर ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. बायका लेकरे काखेत घेऊन तुरुंगात गेल्या. ३ लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेल्याचे सांगतात. मागण्यांत पडीत जमीन होती, १९४८ च्या किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी होती, बौद्धांना सवलती होत्या आणि संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावण्याची मागणीही होती. तैलचित्र लागायला १९९० साल उजाडले. बौद्धांच्या सवलतींनाही १९९० च उजाडले. जमीन आणि मजुरी मात्र मागेच राहिली. चित्र भिंतीवर लावता येते. जमीन कुणाच्या तरी हातून सुटावी लागते.

या मार्गावर दादासाहेबांना घरातूनही विरोध झाला. रोटीच्या आणि जमिनीच्या लढाईत पडू नये, सनदशीर राजकारण करावे, असे मानणारा शिकलेला वर्ग पक्षात होता. त्यांच्या धोतराची टिंगल झाली, पक्ष दुभंगला. गायरानावर नांगर फिरला तर गावाच्या गुरांनी चरायचे कुठे, हा गावकऱ्यांचा आक्षेपही खोटा नव्हता. दोन-चार एकर माळरानावर संसार उभा राहत नाही, हेही खरेच. पण आमच्या सालदाराने संसाराचे गणित मांडलेच नव्हते. त्याला एक धुरा हवा होता, जिथे उभे राहून तो ‘नाही येत आज’ असे म्हणू शकला असता.

१९६५ च्या सप्टेंबरात सातासमुद्रापलीकडे, कॅलिफोर्नियातील डेलानो गावी द्राक्षमळ्यांतल्या फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांनी संप केला. तो १९७० पर्यंत चालला आणि मजूर जिंकले. कारण शहरातल्या गृहिणींनी ती द्राक्षे विकत घेणेच सोडले. आमच्याकडे मजूर तुरुंगात गेला, आणि शहराने कापूस, तूर, संत्री घेताना तो कुठे आहे, असे विचारलेसुद्धा नाही.

दादासाहेब २९ डिसेंबर १९७१ रोजी गेले. पुढे १९९१ साली सरकारने १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरची शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. २००४ पासून दादासाहेबांच्याच नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना आली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायती जमीन द्यायची. २०१८ पासून तर पूर्ण अनुदानावर. योजनेचे नाव अगदी योग्य आहे. पण सरकारने ठरवलेल्या दरात जमीन विकणारा मिळायला हवा ना! शहराच्या आसपास वावरांचे प्लॉट पडत असताना तो कुठून मिळणार?

आमच्या सालदाराला जमीन मिळाली नाही. त्याचा मुलगा बुटीबोरीला कारखान्यात लागला आणि त्याने पहिल्या पगारात बापाला घड्याळ घेऊन दिले. म्हातारा हसून म्हणायचा, ‘आता खाडे माहे मीच मोजतो.’ हे ऐकताना मी खाली पाहत असे. अक्षर माझे होते.

वाचकहो, मजूर मिळत नाही ही तक्रार खोटी नाही. लहान शेतकरी स्वतःच कर्जात बुडालेला आहे, हेही मला दिसते. पण पुढच्या वेळी कुणी ही तक्रार केली, तर नुसती मान डोलावू नये. हळूच विचारावे, ‘रोजी किती देता? बाईला किती, माणसाला किती?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. अठरा खाड्यांची परतफेड याने होणार नाही. पण निदान नव्या वहीत तरी ते कुणी मांडणार नाही.