आपल्यात कुणी पीत नाही, म्हणून हा प्रश्न आपला नाही?

पुसद, दिग्रस, आर्णी, उमरखेड. यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही मोहल्ल्यात विचारा, विशीतला असा एक तरी मुलगा सापडेल. बोलायला गोड, कुणाच्याही मदतीला धावणारा. पण सकाळी सांगितलेलं दुपारी विसरतो. मजुरी हातात पडली की दोन दिवसांत संपते. दहावी दोनदा बुडाली, चार कामं सुटली. घरचे म्हणतात आळशी, शेजारी म्हणतात वाया गेलेला. अशा प्रत्येक मुलामागे एकच कारण असतं असं मी म्हणत नाही. कुणाला शिकण्यातली अक्षमता असते, कुणाच्या डोक्याला लहानपणी मार लागलेला असतो, कुणी निव्वळ गरिबीने खचलेला असतो. पण एक कारण असं आहे की जे आपल्याकडे कुणी तपासतच नाही. कारण ते तपासायचं म्हणजे कुणाच्या तरी आईला एक प्रश्न विचारावा लागतो.

त्या अवस्थेचं नाव फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, थोडक्यात एफएएसडी. गरोदरपणी आईच्या पोटात गेलेली दारू नाळेतून बाळापर्यंत पोहोचते. बाळाचं यकृत तयार झालेलं नसतं, दारूचा निचरा होत नाही आणि मेंदूच्या जडणघडणीत बिघाड होतो. १९६८ मध्ये फ्रान्समधल्या नाँत शहरातले बालरोगतज्ज्ञ पॉल लेमुआन यांनी अशा १२७ मुलांची नोंद केली. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी तिला नाव दिलं. २०१७ मधल्या एका जागतिक अंदाजानुसार दर हजार मुलांमागे सात-आठ मुलांना ही अवस्था असते, आणि गरोदरपणी दारू घेतलेल्या साधारण १३ बायकांपैकी एकीच्या बाळाला. ती आयुष्यभर राहते. डोळ्यांच्या फटी लहान, वरचा ओठ पातळ, नाकाखालची खाच सपाट, ही चेहऱ्यावरची खूण फार थोड्यांच्या बाबतीत दिसते आणि वय वाढेल तशी तीही पुसट होते. म्हणजे विशीत पोहोचलेला तरुण वरून अगदी धडधाकट दिसतो. त्याची खरी अडचण इथूनच सुरू होते.

आता आपल्याकडचं नेहमीचं उत्तर: दारू हराम आहे, आपल्या घरात कुणी पीत नाही, हा दुसऱ्यांचा प्रश्न. आकडेवारीही वरवर तेच सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ वर्षांवरच्या बायकांपैकी जेमतेम एक टक्का बायकांनी दारू पीत असल्याचं सांगितलं, पुरुषांपैकी सुमारे १९ टक्क्यांनी. पण घरी आलेल्या अनोळखी माणसाला, सासू शेजारी बसलेली असताना, कुठली बाई खरं सांगेल? जिथे दारू हराम आहे तिथे तर ती मरेपर्यंत सांगणार नाही. मनाईमुळे पिणं कमी होतं हे मला मान्य आहे. पण जे उरतं ते बंद दाराआड जातं, आणि तिथे डॉक्टर पोहोचत नाही. शिवाय पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत पाच-सहा आठवडे निघून जातात. नवऱ्याने जबरदस्तीने पाजलेली बाई असते, बाळंतपणाआधी वेगळ्याच परिस्थितीत जगलेली बाई असते. नातलगांत किंवा ओळखीत सांभाळायला घेतलेलं मूल असतं, ज्याच्या जन्माआधीचं कुणाला काहीच ठाऊक नसतं.

आणि हे बोलताना बोट लगेच झरी-जामणीच्या कोलाम पाड्याकडे, मोहाच्या दारूकडे वळतं. ते वळू देऊ नका. दक्षिण आफ्रिकेतल्या वेस्टर्न केप भागात एफएएसडीचं प्रमाण जगात सर्वाधिक नोंदलं गेलंय. का? तिथल्या द्राक्षमळ्यांवर मजुरांना मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात देण्याची पद्धत अनेक पिढ्या चालली. तिथल्या बायका वाईट होत्या म्हणून हे घडलं नाही. मजुरीच दारूत मोजली जात होती म्हणून घडलं.

या अवस्थेसह जगणं म्हणजे काय? सूचना एकामागे एक तीन दिल्या तर पहिलीच लक्षात राहते. 'उद्या' आणि 'पुढच्या महिन्यात' यांतला फरक हाताला लागत नाही. काल समजलेली गोष्ट आज कोरी होते, म्हणून घरच्यांना तो मुद्दाम करतोय असं वाटतं. विनोद, टोमणा, फसवणूक यांतलं काहीच पटकन ओळखू येत नाही. 'तुझ्या नावावर एक सिमकार्ड घेऊन दे, खातं उघडून दे, पाचशे देतो,' असं कुणी म्हटलं की तो देतो, कारण त्याच्या लेखी तो माणूस दोस्त असतो. मुलींच्या बाबतीत हाच भाबडेपणा जास्त महागात पडतो. तिला घराबाहेर कुणी फसवलं तर घरात दोष तिलाच.

पोलिसांचं काय, हे मला इथे मुद्दाम लिहायचं आहे. अमेरिकेत ॲन स्ट्राइसगुथ यांच्या चमूने १९९६ मध्ये अशा ४१५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १२ वर्षांवरच्यांपैकी सुमारे ६० टक्के कधी ना कधी कायद्याच्या कचाट्यात सापडले होते. या अवस्थेतला माणूस समोरच्याला खूश करायला 'हो' म्हणतो. आठवत नसलेली जागा तो ऐकलेल्या तपशिलाने भरतो आणि ती त्याला खरीच वाटू लागते. आता आपल्या मोहल्ल्यातला मुलगा डोळ्यासमोर आणा. त्याच्या फोनवर कुणीतरी ढकललेला व्हॉट्सॲपचा मजकूर आहे, तो ठाण्यात बसलाय, आणि समोरून विचारलं जातंय, तूच पाठवलास ना? तो हो म्हणेल. तिसऱ्यांदा विचारलं तर दोन नावंही सांगेल. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही हे खरं, पण तोवर कोठडी, बदनामी आणि त्या दोन नावांचं जे व्हायचं ते होऊन जातं. कोठडीतल्या प्रत्येकाला आणि अपंग व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो, तोही उत्पन्न न बघता. आपल्या कार्यकर्त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता पाठ करून ठेवायला हवा.

पण त्याला 'अपंग' म्हणणार कोण? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, एफएएसडीचं नाव त्यात नाही. मग बौद्धिक अक्षमतेच्या रांगेत उभं राहायचं. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तिथे सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीवर टक्के ठरवले होते: ५५ ते ६९ गुण आले तर ५० टक्के अपंगत्व, ७० ते ८४ आले तर २५ टक्के. आणि आरक्षणासाठी किंवा संजय गांधी निराधार योजनेसाठी लागतात किमान ४०. बोलायला चुणचुणीत असलेला आपला मुलगा बरेचदा नेमका त्या २५ टक्क्यांत अडकतो. काम टिकवायला अपंग, कागदावर धडधाकट. बालपणी पकडला गेला असता म्हणावं, तर २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांत तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही हे नाव नाही, आणि १८ पूर्ण झाली की तोही दरवाजा बंद. स्ट्राइसगुथ यांना जे घटक माणसाला सावरताना दिसले त्यांत स्थिर, मारहाण नसलेलं घर होतं, लवकर झालेलं निदान होतं, आणि सरकारी मदतीस पात्र ठरणंही होतं. शेवटचं घरच्यांच्या हातात नाही. ते मागून घ्यावं लागतं.

चेहऱ्यावर खूण नसेल तर निदानासाठी गरोदरपणाची माहिती लागतेच, म्हणून आईला विचारण्याची रीत बदलायला हवी. मधुमेहाची चौकशी करतात तशी, एकांतात, प्रत्येकीला. आणि उत्तर ऐकून ज्याच्या कपाळाला आठी पडते त्या डॉक्टरने, त्या मौलानांनी, त्या सासूने हा विषय काढूच नये. बारीक आवाजात खरं सांगणारी आई मुलासाठी मोठी गोष्ट करत असते.

एका बाबतीत आपल्याकडे जे आहे ते चांगलं आहे आणि त्याची किंमत आपल्याला कळत नाही: उस्ताद आणि शागीर्द. शिलाई, बेकरी, गॅरेज, वेल्डिंग. एकच जागा, एकच माणूस सांगणारा, हाताने करून दाखवणारा, रोज तेच काम त्याच क्रमाने. अशा तरुणांना नेमकं हेच लागतं. सूचना एका वेळी एक, भिंतीवर चित्र, फोनवर गजर, मजुरी महिन्याऐवजी आठवड्याला आणि तीही घरच्या एका विश्वासू माणसासमोर. फक्त उस्तादाला कुणीतरी आधी सांगायला हवं की पोरगं मुजोर नाही, त्याला विसरायला होतं. कानाखाली मारून स्मरणशक्ती वाढत नाही. 'लग्न लावून दिलं की सुधारेल' हा उपाय तर बंदच करा. निकाह हा करार आहे, आणि दुसऱ्या बाजूच्या मुलीला काय ते माहीत असणं हा तिचा हक्क आहे.

राहता राहिली दारूबंदी. या जिल्ह्यात स्वामिनीच्या बायकांनी बंदीसाठी मोर्चे काढले. शेजारचा वर्धा जिल्हा अनेक दशकं बंदीखाली आहे, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असावी की नसावी यावर आपल्या तरुणांत वाद होतील, होऊ द्या. पण एक मागणी अशी आहे की जिला विरोध करायला कुणाला तोंड नाही. फ्रान्समध्ये २००७ पासून प्रत्येक बाटलीवर गरोदर बाईचं चिन्ह आहे, अमेरिकेत १९८९ पासून इशारा छापतात. आपल्याकडच्या बाटलीवरचा ठरीव इशारा आरोग्याला धोका सांगतो, पिऊन गाडी चालवू नका म्हणतो. पोटातल्या बाळाबद्दल त्यात अवाक्षर नाही.

सुरुवात दहा रुपयांत होते. माहिती अधिकाराचा अर्ज, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे: गेल्या पाच वर्षांत बौद्धिक अक्षमतेसाठी किती अर्ज आले, त्यांपैकी कितींना ४० टक्क्यांपेक्षा कमी प्रमाणपत्र मिळालं, तपासणीसाठी मानसशास्त्रज्ञाची पदं किती आणि भरलेली किती, आणि प्रसूतिपूर्व तपासणीच्या नोंदीत दारूबद्दलचा प्रश्न आहे का. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. ते आलं की त्याची एक प्रत या मासिकाकडे पाठवा.