आणीबाणीचा ठराव आणि ज्येष्ठांची यादी

फाल्गुन सरत आला की आपल्याकडे माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि त्यांना नवी खस लागते. याच सुमारास एका ज्येष्ठ वाचकांनी प्रश्न विचारला आहे: ‘जगातील अनेक शहरांनी हवामान आणीबाणी जाहीर केली. आपल्या दारव्हा नगर परिषदेनेही ती करावी काय?’ प्रश्न राजकीय वाटला तरी त्याचे उत्तर आरोग्याशी निगडित आहे. म्हणून या सदरात तो घेत आहे.

अशी घोषणा प्रथम डिसेंबर २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्नजवळच्या डॅरेबिन येथील स्थानिक परिषदेने केली. पुढे शेकडो शहरांनी तसे ठराव केले. आपल्या राज्यात मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. मात्र केवळ ठरावाने नगर परिषदेला कोणतेही नवे अधिकार मिळत नाहीत. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्ह्याची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे असतात. मग ठराव कशासाठी करावयाचा?

याचे उत्तर वयस्कर शरीराच्या स्वभावात आहे. साठीनंतर तहानेची जाणीव मंदावते आणि घाम कमी येतो. रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवीची गोळी शरीरातील पाणी व क्षार कमी करते. हृदयाची व मानसिक आजारांची काही औषधेही उष्णता सोसण्याची शक्ती घटवतात. दिवसभर तापलेले घर रात्रीही निवले नाही, तर हृदयाला विसावा मिळत नाही. अशा रात्री ज्येष्ठ व्यक्ती दगावली, तर मृत्यूचे कारण ‘हृदयविकार’ असे नोंदले जाते आणि उन्हाचे नाव कोठेही येत नाही. जे नोंदले जात नाही, त्यासाठी तरतूदही होत नाही.

ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेने सुमारे पंधरा हजार माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते, आणि कित्येक जण घरी एकटे होते. त्यानंतर २००४ मध्ये तेथे कायदा झाला: प्रत्येक नगराध्यक्षाने एकाकी वृद्ध व अपंग नागरिकांची नोंदवही ठेवावी आणि इशारा मिळताच त्यांच्याशी संपर्क साधावा. नाव नोंदवणे ऐच्छिक आहे. आपल्या देशात मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांपर्यंत गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासात आढळले. २०१३ मध्ये तेथील महापालिकेने उष्णता कृती आराखडा अमलात आणला: आगाऊ इशारा, डॉक्टर व परिचारिकांचे प्रशिक्षण, पाण्याची सोय आणि लोकजागृती. या दोन्ही ठिकाणी उपयोगी पडले ते नेमून दिलेले काम.

म्हणून माझे मत असे: नगर परिषदेने ठराव अवश्य करावा, परंतु त्यात कोणत्या दिवशी कोणी काय करावयाचे हे लिहिलेले असावे. ‘आणीबाणी’ या शब्दाने लोक घाबरतील, असा आक्षेप घेतला जातो. दारव्ह्यासारख्या गावाचा धूर तो किती, असेही म्हटले जाते. दुसरा आक्षेप खरा आहे. परंतु ऊन सोसण्याचा आपला वाटा मात्र लहान नाही. शब्दाविषयी मी आग्रही नाही. ‘उष्णता सज्जता ठराव’ म्हटले तरी चालेल.

हवामान खाते पिवळा, नारिंगी व लाल असे इशारे देते. नारिंगी इशारा मिळाला की पुढील कामे आपोआप सुरू व्हावीत, असे ठरावात असावे. प्रभागनिहाय एकट्या ज्येष्ठांची यादी असावी आणि त्यांच्याकडे दुपारी व सायंकाळी कोणीतरी चौकशी करावी. बसस्थानक व बाजार येथे पाणपोई असावी. एखादे सभागृह किंवा वाचनालय कूलर व पाण्यासह दुपारभर उघडे राहावे. दुरुस्तीसाठी दुपारचा वीजपुरवठा खंडित करू नये, अशी विनंती महावितरणला आधीच केलेली असावी. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. यादीला तर वही आणि माणूस पुरतो.

ठराव होईपर्यंत घरातील यादी आपणच करावी. उन्हाळ्यापूर्वी आपली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत; गोळी स्वतःहून बंद करू नये. तहान नसली तरी थोडे थोडे पाणी घ्यावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास किती पाणी घ्यावे, हे डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी पन्हे गुळा-साखरेविना घ्यावे आणि रक्तदाब असणाऱ्यांनी त्यात मीठ बेताचे ठेवावे. हवा फार तापलेली असताना नुसता पंखा अपुरा पडतो. अंग ओल्या कापडाने पुसून मग पंखा लावावा. कूलर लावल्यावर खिडकी थोडी उघडी ठेवावी, म्हणजे दमट हवा बाहेर जाते.

ज्येष्ठ व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, अंग तापले आणि ग्लानी आली, तर तो उष्माघात समजावा. सावलीत आणून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा व लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा येथे उपयोग होत नाही.

मुले पुण्या-मुंबईस असलेल्या वाचकांना एक विनंती. शेजारच्या एका घराशी आजच ठरवून ठेवा की मे महिन्यात रोज दुपारी एकमेकांना हाक मारायची. आणि चार ज्येष्ठ मिळून नगर परिषदेत एक अर्ज द्या. त्यात यादीची मागणी पहिली लिहा, आणि तो चैत्र संपण्यापूर्वी द्या.