दाढा खोटं बोलत नाहीत

परवा आमच्या पनवेलच्या डेंटिस्टनी माझं तोंड बघून विचारलं, "झोपेत दात खाता का हो?" मला पत्ताच नव्हता. पण दाढा सपाट झाल्या होत्या. म्हणजे दिवसाचं टेन्शन मी रात्रभर चावत होते तर!

घरी सांगितल्यावर काकांचं ठरलेलं वाक्य आलंच, "पूर्वीच्या माणसांचे दात बघ. शुद्ध खाणं, दात दगडासारखे!"

काका, रागावू नका, पण इथे माझं मत वेगळं आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीचं, जव खाणाऱ्या शेतकऱ्यांचं गाव सापडलं. त्या लोकांनी एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही. त्यांचं बरंचसं चरित्र आहे ते हाडांत आणि दातांत.

दगडावर धान्य दळलं की पिठात कच उतरते आणि तीच दाढा घासते. त्याआधीच्या शिकारी लोकांच्या दाढा भरड खाण्याने आणखी झिजायच्या, पण किडायच्या कमी. शेती आली, मऊ पिठूळ अन्न आलं आणि कीड वाढली. झीज कमी, कीड जास्त, असा तो सौदा.

पण मला हलवून गेली ती लहान मुलं. इनामगावला ती घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली सापडली. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी त्यांचे दात तपासले, तेव्हा काहींच्या दुधाच्या सुळ्यांवर खळगे दिसले. दात घडत असताना बाळाची आबाळ झाली, की अशी खूण राहते. दातावरचं कवच पुन्हा भरून येत नाही.

आपल्या आजीच्या दाढाही सपाटच होत्या. जात्यावरचं पीठ आणि वर मिश्री. काका, तुम्हाला तिची भाकरी आठवते. पण तिची दोन मुलं वर्षाच्या आत गेली, ते कुणी बोलत नाही.

जुन्या माणसांचं कौतुक जरूर करूया. पण त्यांनी काय सोसलं, ते पुसून टाकून नको.

असो. मला रात्री दातांवर घालायला प्लॅस्टिकचं कव्हर मिळालंय. आजीला यातलं काहीच मिळालं नाही.