पेटीबाहेरच्या माश्या कोण मोजणार?

जनुकसंस्कारित मोहरीच्या 'डीएमएच-११' या संकरित वाणाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २३ जुलै २०२४ रोजी परस्परविरोधी निर्णय दिले आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे गेले. या वादात बाजू घेणाऱ्यांची कमतरता नाही. प्रस्तुत लेखाचा मुद्दा मात्र बाजूचा नसून मोजमापाचा आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीने या वाणाच्या पर्यावरणीय प्रसारणाची शिफारस केली. तेव्हा घातलेल्या अटींपैकी एक अशी होती: मधमाश्या आणि इतर परागवाहक यांच्यावरील परिणामांचा शेतात अभ्यास व्हावा, तो भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या देखरेखीखाली दोन वर्षांत व्हावा, आणि प्रसारणानंतर व्हावा. या अटीतील दोन शब्दांकडे सार्वजनिक चर्चेचे जवळजवळ लक्षच गेले नाही. ते शब्द म्हणजे 'इतर परागवाहक'.

हे 'इतर' कोण? दिल्लीच्या दक्षिणेला व पश्चिमेला, हरियाणा आणि राजस्थानात, डिसेंबर-जानेवारीत मोहरी फुलते. तेव्हा शेताच्या कडेला पेट्यांच्या रांगा दिसतात. त्या पेट्यांत युरोपीय मेलिफेरा माशी असते. ती १९६० च्या दशकात हिमाचल-पंजाबात स्थिरावली आणि आज देशातील व्यापारी मधाचा मोठा भाग तिचा आहे. पण त्याच फुलांवर फुलोरी माशी येते, आग्या माशी येते, फुलमाश्या येतात. शिवाय मातीत बीळ करून एकट्याने राहणाऱ्या अँड्रेना वंशाच्या माश्या येतात. उत्तर भारतातील मोहरीवर त्या नियमित आढळतात आणि परागणात त्यांचा वाटा मोठा असू शकतो, हे हिसार येथील अभ्यासकांनी अनेक दशकांपूर्वीच नोंदवले आहे. त्या मध साठवत नाहीत, त्यांना मालक नाही, आणि म्हणून त्यांची गणतीही नाही.

यात भाषेचाही थोडा दोष आहे. 'मधमाशी' या शब्दातच मध आहे; मध न देणाऱ्या माशीला मराठीत रूढ नाव जवळपास नाही. जगात माश्यांच्या या गटात २०,००० हून अधिक प्रजाती आहेत आणि त्यांतील मध साठवणाऱ्या अगदी थोड्या. धोरणाचीही तीच दृष्टी आहे. २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांच्या तरतुदीसह राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियान घोषित झाले. ते स्वागतार्ह आहे. त्यातून अनेक कुटुंबांना उत्पन्न मिळते. परंतु पेट्यांची संख्या आणि मधाचे टन वाढले म्हणजे परागवाहक सुरक्षित झाले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कोंबड्या वाढल्या म्हणून पक्षी वाढले, असे कोणी म्हणत नाही.

एक माशी दुसरीची जागा घेऊ शकत नाही, याचे उत्तम उदाहरण वांग्याच्या फुलात मिळते. वांग्याच्या परागकोशांना केवळ टोकाशी बारीक छिद्रे असतात. लाकूड कोरणारा भुंगा त्या फुलाला घट्ट धरतो, पंख न हलवता उड्डाणाचे स्नायू शेकडो हर्ट्झच्या कंप्रतेने थरथरवतो, आणि पराग छिद्रातून बाहेर उडतात. मधमाशीला, मग ती सातेरी असो वा मेलिफेरा, हे कंपन साधत नाही. ज्ञानेश्वरीपासून मराठी वाचकाला परिचित असलेला हा भुंगा आपल्या भाजीबाजाराचा बिनपगारी कामगार आहे. पण शेताच्या कडेची वाळलेली खोडे आणि जुने बांबू नाहीसे झाले की त्याचे घरही जाते.

हे केवळ वांग्यापुरते नाही. २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात जगभरातील ४१ पीकव्यवस्था आणि ६०० शेतांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फुलांना दिलेल्या भेटी सारख्याच प्रमाणात वाढल्या, तर रानकीटकांमुळे फळधारणेत होणारी वाढ पाळीव मधमाश्यांमुळे होणाऱ्या वाढीच्या दुप्पट होती. पाळीव माश्या रानमाश्यांना पूरक ठरतात, पर्याय नव्हे.

आता मोहरीकडे परत येऊ. वाणाचे समर्थक सांगतात की याच जनुकप्रणालीवर आधारित कॅनोला कॅनडात १९९० च्या दशकापासून पिकतो आणि तिथे मधमाशीपालन चालू आहे. हा युक्तिवाद वजनदार आहे. तो झटकून टाकता येणार नाही. पण त्यातून उत्तर मिळते ते पेटीतल्या माशीविषयी. हरियाणाच्या बांधात बीळ करणाऱ्या माशीचा प्रश्न वेगळा आहे. मोहरीचा बहर काही आठवड्यांचा. पुढे तिला बांधावरच्या रानफुलांवर जगावे लागते. या वाणात तणनाशक सहन करणारे जनुक आहे. शेतकऱ्याने ते तणनाशक वापरू नये, अशी अट आहे. ती शेतात कितपत पाळली जाईल, यावर त्या रानफुलांचे, पर्यायाने रानमाश्यांचे, भवितव्य अवलंबून आहे. जनुकसंस्कारित नसलेल्या मोहरीबाबतही हीच चिंता लागू पडते: माव्यासाठी ऐन फुलोऱ्यात दुपारी केलेली फवारणी जनुकाची वाट पाहत नाही.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी एक शिस्त शिकवली जाते. स्रोत ठेवण्यापूर्वी संवेदक रिकामा चालवा आणि पार्श्वभूमीची मोजणी नोंदवा. ती नोंद नसेल तर नंतर आलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. प्रसारणानंतर दोन वर्षे माश्या मोजून आपण 'घट झाली' किंवा 'घट झाली नाही' असे म्हणणार असू, तर कशाच्या तुलनेत? अनेक वर्षांच्या, अनेक जिल्ह्यांच्या पूर्वनोंदी नसतील तर समर्थक आणि विरोधक दोघेही अंदाजच लढवत राहतील, आणि न्यायालयाकडून विज्ञानाच्या उत्तराची अपेक्षा केली जाईल. म्हणून मागणी साधी आहे: कोणत्याही नव्या वाणाच्या वा कीटकनाशकाच्या मंजुरीपूर्वी त्या पिकावरील रानपरागवाहकांची प्रजातीनिहाय पूर्वनोंद बंधनकारक असावी.

विद्यार्थी मित्रांनो, या कामाला महागडी उपकरणे लागत नाहीत. मोहरीच्या शेतात एक चौरस मीटर जागा आखा. उन्हाच्या वेळी दहा मिनिटे बसा आणि किती कीटक आले ते चार रकान्यांत लिहा: मेलिफेरा, इतर मधमाश्या, एकांड्या माश्या, फुलमाश्या. तारीख, वेळ, तापमान आणि ठिकाण नोंदवा. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा जा. एका वहीतून धोरण बदलत नाही. पण शंभर महाविद्यालयांच्या दहा वर्षांच्या वह्या समोर असतील, तर 'इतर परागवाहक' हे शब्द कोणत्याही समितीला केवळ अटीच्या शेवटी लिहून मोकळे होता येणार नाही.