आमच्या मढ्यांचा हिशेब

माझ्या कासार आंबोलीत अनुसूचित जातीची डोकी किती, त्यात बाया किती, हे २०११ च्या जनगणनेत गाववार छापलंय. पण याच गावात आमच्या माणसावर जातीवरनं कितीदा हात पडला, ते सरकारी पुस्तकात शोधून दाखवा. एनसीआरबीचं ‘क्राइम इन इंडिया’ उघडलं की मुळशी तालुकाच गायब. पुणे शहर, पुणे ग्रामीण, पिंपरी-चिंचवड. संपला जिल्हा.

दोस्तहो, आकडे म्हणजे बाबू लोकांचं काम म्हणून सोडू नका. १९७२ ला पँथर उठली ती काय नुसत्या कवितेवर? इलायापेरुमल समितीचा अहवाल पोरांनी वाचला आणि टाळकं फिरलं. सरकारचाच कागद सरकारच्या नरड्याशी धरला.

आज कागद काय सांगतो? देशात अनुसूचित जातींविरुद्ध २०२१ साली ५०,९०० गुन्हे, २०२२ साली ५७,५८२. महाराष्ट्राचा आकडा उत्तर प्रदेशापेक्षा बराच कमी. झालं, पुरोगामी महाराष्ट्र पाठ थोपटायला मोकळा! अरे, ही मोजदाद मारल्याची नाही, फौजदारानं लिहून घेतल्याची आहे. त्यातही एका फिर्यादीत चार गुन्हे असले तर मोजतात एकच, सगळ्यात भारी शिक्षेचा. बाकीचे त्याच्या पोटात गडप.

खैरलांजी घ्या. २९ सप्टेंबर २००६, भोतमांगे कुटुंबातली चार माणसं ठार. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१० ला नागपूर खंडपीठानं फाशीची जन्मठेप केली. जात तिथंही सापडली नाही. मग जातीच्या खुनाला शिक्षा झाली, या रकान्यात खैरलांजी बसवायची कुठं?

आणि मारणाऱ्याची जात? ती या पुस्तकात नाही. तुरुंगाच्या अहवालात मात्र आमची टक्केवारी चोख: २०१९ साली शिक्षा झालेल्या कैद्यांत अनुसूचित जाती २१.७ टक्के, लोकसंख्येत १६.६. म्हणजे आत गेलो की जात दिसते. मार खाल्ला की मारणारा बिनजातीचा.

गुन्हेगाराची जात मोजा म्हणताना माझीही जीभ अडखळते. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, त्याचे वळ अजून पारध्यांच्या पाठीवर आहेत. पण अॅट्रॉसिटीचं प्रकरण वेगळं. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही, हे दाखवल्याशिवाय कलम तीन लागतच नाही. माहिती फाइलीत पडून आहे, फक्त बेरीज करायची नाही!

बेरीज ते करतात, सोयीची. २०१८ ला सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच खटल्यात हा कायदा बोथट केला, तेव्हा ‘खोट्या’ केसेसचे आकडे पुढं आले होते. २०१९ ला ते निर्देश मागं घेतले, पण ‘गैरवापर’ हा शब्द चावडीवर कायमचा बसला. खोटी कोण ठरवतं? पोलीसच, बी समरी लावून.

म्हणून आपण मोजायचं. १९९५ च्या नियमांप्रमाणे कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती दर तीन महिन्यांनी बसायलाच हवी. तिची इतिवृत्तं मागा. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पौड ठाण्यासाठी मी लिहिलाय: पाच वर्षांतल्या आलेल्या तक्रारी, नोंदलेले गुन्हे, दोषारोपपत्रं, बी समरी. चारही आकडे शेजारी-शेजारी ठेवायचेत. तुम्ही आपापल्या ठाण्याचे काढा. फिर्यादींची नावं तेवढी मागू नका. त्यांना त्याच गावात राहायचंय.