पेन्सिल-कॅसेटचा फोटो टाकणाऱ्यांनो, आधी घरातली पेटी उघडा

कालपासून तो फोटो पुन्हा फिरतोय. एक कॅसेट, बाजूला पेन्सिल, आणि खाली लिहिलेलं की या दोघांचं नातं ज्याला कळलं तो नशीबवान. आपल्या ग्रुपवरच चार जणांनी टाकला. सगळे माझ्याच वयाचे, चाळिशी ओलांडलेले. आधी मलाही आवडायचा. आता राग येतो. पोस्ट लांब आहे, वेळ असेल तरच वाचा.

आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ कॅसेट भरून देणारं दुकान होतं. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, सोबत साठ नाहीतर नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट. दोन-तीन दिवसांनी भरून मिळायची. पैसे नसले की विविध भारती लावायची आणि पॉजच्या बटणावर बोट ठेवून बसायचं. मग ती कॅसेट मित्राकडे, तिथून त्याच्या बहिणीकडे, बहिणीसोबत तिच्या सासरी. 1990 ला 'आशिकी' आला तेव्हा तर विचारूच नका. गोड दिवस होते, मान्य. कायद्यानं ती चोरी होती, तेही मान्य.

पण ती गाणी गेली कुठं? कुठंच नाही. मोबाइलवर दहा सेकंदांत सापडतात. त्यांची काळजी घ्यायला कंपन्या बसल्या आहेत, त्यांच्यासाठी आपण कायले रडायचं?

आपल्या झाडीपट्टीत कॅसेटवर नुसता सिनेमा नव्हता. दिवाळीनंतर मंडई, शंकरपट सुरू झाले की वडशाच्या कंपन्यांची नाटकं रात्र-रात्र चालायची, आणि एखादा पोट्टा टू-इन-वन घेऊन स्टेजच्या कडेला बसलेला असायचा. एका नाटकाला चार-पाच कॅसेट लागायच्या. दंडार, खडी गंमत, भजनं, भीमजयंतीच्या रात्री वस्तीत गायलेली गाणी, एटापल्लीकडच्या लग्नातली गोंडी गाणी. रोवण्याच्या वेळी बांधीत गाणाऱ्या बाया. भरणाऱ्याला आपण काही जपतोय असं वाटतही नव्हतं. सिनेमाची गाणी संपून बी साइडला दहा मिनिटं उरली, तर आजीला म्हणायचं, म्हण ना वं काहीतरी.

माझ्या काकानं असंच केलं होतं. नोकरी बाहेरगावी, म्हणून आजीची रोवण्याची गाणी एका कॅसेटवर भरून घेतली आणि कोणी पुसू नये म्हणून मागचा प्लास्टिकचा दात मोडून ठेवला. 1992 ला मी त्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला आणि दोन्ही बाजूंना सिनेमाची गाणी भरली. कोरी कॅसेट विकत घ्यायला पैसे नव्हते, एवढंच कारण. आजी गेल्यावर ती कॅसेट सापडली. दोन गाण्यांच्या मधे एक फट राहून गेली आहे, चारेक सेकंदांची. त्यात आजी हसते आणि म्हणते, "बंद कर रे बापा." बाकी काही नाही.

म्हणून तो फोटो पाहिला की डोकं फिरतं. पेन्सिलचं कौतुक करणाऱ्या किती जणांनी माळ्यावरची पेटी उतरवून पाहिली?

2023 ला परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळे खूश झालो. आता सांगा, त्यांच्या पिढीचं नाटक तीस वर्षांपूर्वी कसं वाजायचं हे एखाद्या पोराला ऐकायचं असेल तर त्यानं कुठं जायचं? 'यूट्यूबवर सगळं आहे' असं कोणी कमेंटमध्ये लिहू नका. तिथं मुख्यतः मोबाइल आल्यानंतरचं आहे. त्याच्या आधीचं बरंचसं तुमच्या-माझ्या घरात आहे, कवेलूच्या खाली, ट्रंकेत. चंद्रपूरचा मे महिना आणि त्यामागून येणारा पावसाळा ती टेप किती वर्षं सोसणार? बुरशी धरते, आतला फेल्टचा तुकडा गळतो, रीळ चिकटतं.

हे होऊ शकत नाही असंही नाही. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, त्यातल्या कित्येक त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या, आणि आज त्या पारीच्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतात. आमच्या रोवण्याच्या बायांनी काय घोडं मारलं?

गडचिरोलीत 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. चंद्रपुरात आकाशवाणीचं केंद्र आहे. दोन्ही जिल्ह्यांतून कोळसा आणि लोखंड निघतं, त्याचा खनिज निधी येतो. प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात एक चालू टेप, एक वायर, एक कॉम्प्युटर आणि पगार देऊन बसवलेला एक पोरगा, याला कितीसा खर्च येणार? एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणातला कोपरा. विद्यापीठानं जाहीर आवाहन करावं, लोक पिशव्या भरून आणतील. मात्र कॅसेट लोकांच्याच राहिल्या पाहिजेत. कॉपी करून परत द्यायच्या, आणि गाणाऱ्याचं नाव-गाव विचारून लिहून घ्यायचं. गोंडी गाणी असतील तर गोंडी समजणारा माणूस तिथं बसलेला हवा, नाहीतर फायलीला नुसतं 'आदिवासी गीत' असं नाव देऊन मोकळे होतील. हे मी आपल्याच बातम्यांत पाहिलंय, मीही लिहिलंय.

घाई मात्र होत नाही या कामात. नव्वद मिनिटांची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला नव्वद मिनिटंच लागतात.

सरकार जागं होईल तेव्हा होईल. माझ्याकडे एक टेप चालू हालतीत आहे, बेल्ट नवीन टाकलाय, हेड स्पिरिटनं पुसलंय. रविवारी घरीच असतो. ज्यांच्याकडे घरी भरलेली कॅसेट आहे त्यांनी मेसेज करा. कव्हरवर सिनेमाचं नाव असलं तरी आणा, बी साइडचा शेवट ऐकल्याशिवाय फेकू नका. आणि बुरशी दिसली तर लावून पाहू नका. तशीच कागदात गुंडाळून आणा.