मकतबात खो-खो

रमजान सरत आला. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या मशिदींत तरावीहच्या, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या, नमाजेत कुराणाचे तीसही पारे (भाग) पुरे होण्याचे हे दिवस. इमाम मुखोद्गत म्हणत असतो आणि मागच्या पहिल्याच रांगेत दुसरा हाफिज, म्हणजे कुराण पाठ असलेला माणूस, कान देऊन उभा असतो. इमाम अडखळला की तो हलकेच पुढचा शब्द पुरवतो. याला लुकमा देणे म्हणतात. हाफिज झालेल्या मोठ्या माणसालाही अडखळायची मुभा आहे, त्याबद्दल त्याला कोणी रागे भरत नाही. मग मकतबात, म्हणजे मोहल्ल्यातल्या कुराणाच्या वर्गात, सहा वर्षांच्या पोरानेच चुकल्यावर छडीसाठी हात का पुढे करावा?

सगळ्याच मकतबांत छडी चालते असे नाही. प्रेमाने शिकवणारे हाफिजसाहेब पुष्कळ आहेत. पण ‘मार खाल्ला म्हणून पाठ झाले’ असे अभिमानाने सांगणारे आजोबा मोहल्ल्यात भेटतात, तसे शाळेच्या कट्ट्यावरही भेटतात. कट्ट्यावरच्यांची पावकी-निमकी तशीच पाठ झाली होती. मार खाऊन ज्यांनी वर्गच सोडला, ते मात्र सांगायला येत नाहीत.

पाठांतर म्हणजे आवर्तन, आणि आवर्तनाचा कंटाळा घालवायला खेळासारखे दुसरे काही नाही. लहान मुले ‘कायदा’ हे अरबी अक्षरओळखीचे पुस्तक संपवून शेवटच्या पाऱ्यापासून, अम्मा पाऱ्यापासून, सुरुवात करतात, कारण तिथल्या सूरह, म्हणजे अध्याय, छोट्या. सूरह कौसर तर अवघ्या 3 आयतींची, म्हणजे वचनांची. मुलांना खो-खोसारखे ओळीत बसवावे. एकाने आयत म्हणावी, कुणालाही खो द्यावा, त्याने पुढची उचलावी. अडला तर शेजाऱ्याने लुकमा द्यावा. काजूच्या हंगामात दहा बिया मांडून, एक आवर्तन झाले की एक बी पलीकडे सरकवावी. कोकणातल्या पोराला हा हिशेब शिकवावा लागत नाही. सूरह फील पाठ करण्याआधी हत्ती घेऊन मक्केवर चालून आलेल्या अब्रहाच्या सैन्याची आणि खडे टाकणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट मालवणीत रंगवून सांगावी. गोष्ट ठाऊक झाली की त्या 5 आयती बसायला किती वेळ लागतो?

पथ्येही आहेत. खेळ आवाजाचा असावा. आयती छापलेले कागद जमिनीवर मांडणे अदबीला धरून नाही. आणि घाई नको. अरबीतले दोन ‘ह’, दोन ‘क’ आपल्या जिभेला वेगळे वाटत नाहीत, आणि चुकीचे पाठ झालेले सुधारायला दुप्पट मेहनत पडते. इजिप्तचे कारी (कुराणाचे पठणकार) मुहम्मद सिद्दीक अल-मिन्शावी यांच्या पठणामागे मुलांचा घोळका तीच आयत परत म्हणतो, असे ध्वनिमुद्रण आहे. घरातला मोबाइल त्यासाठी लावावा, बाकी वेळ तो कपाटातच बरा.

खेळातून शिक्षण ही परकी कल्पना नव्हे. याच कोकणच्या उत्तर टोकाला, बोर्डीला, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. छडीचे म्हणाल तर, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली शारीरिक शिक्षा बंद केली. पण 2012 च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा त्या कायद्यातून वगळल्या. अमानुष मारहाण इतर कायद्यांनी गुन्हा आहेच; रोजच्या छडीचा निकाल मात्र मोहल्ल्याच्या जमातीलाच लावावा लागेल.

आईबापांनीही जरा दमाने घ्यावे. प्रत्येक मूल हाफिज होणार नाही, व्हायची गरजही नाही. सबक (नवा धडा), सबकी (अलीकडच्या धड्यांची उजळणी), मंजिल (जुन्याची उजळणी) हा रोजचा नेम वर्षानुवर्षे चालतो. पाठ केलेले फिरवत राहिले नाही तर हातचे जाते. शेजारच्या मुलाचे किती पारे झाले, ही चौकशी घरात करू नये.

ईदनंतर मकतब पुन्हा भरतील. त्याआधी प्रत्येक जमातीने बैठक घेऊन एक ठराव करावा: छडी बंद. आणि ज्या हाफिजसाहेबांकडून ही हौसेची शिकवणी आपण मागतो, त्यांचा पगारही त्याच बैठकीत वाढवावा.